पुसलेला डबा

नववीत शाळा सुटली आणि मी गोंदियाकडून डोंबिवलीला आलो. एका फोटो स्टुडिओत आधी लाईट धरला, मग हळूहळू कॅमेरा हातात आला. निम्मं काम पासपोर्ट साइज फोटोचं, निम्मं लग्नांचं. पुढे प्रत्येकाच्या खिशात चांगला कॅमेरावाला मोबाईल आला, आणि मालकांनी एक दिवस बाहेरून स्पेशल चहा मागवून सांगितलं की दिवाळीनंतर दुकान बंद करतोय. स्पेशल चहा आला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात एक निवृत्त साहेब फोटो काढायला आले. जाड भिंगांचा चष्मा. काचेवर उजेड चमकू नये म्हणून मी दिवा बाजूला घेतला, समोरून थर्माकोल धरलं. साहेब कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माझ्या दिव्याकडेच बघत बसलेले. जन्मभर बोटांचे ठसे तपासलेला माणूस. आता ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या हॉलवर तपास करणाऱ्या पोलिसांना ठसे शोधायला, उचलायला आणि त्यांचे फोटो घ्यायला शिकवायचे. फोटोपाशी येऊन शिकणाऱ्यांचं गाडं अडायचं. ते म्हणाले, एक बॅच माझ्याबरोबर करून बघ, जमलं तर कायमचा ये. नाही जमलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला माहीत होतं. नाही जमलं तर गावी.

त्या दिवसांत साहेबांनी, म्हणजे आता माझ्या सरांनी, मला जे शिकवलं ते कुठल्या शाळेत मिळालं नसतं. ठसा म्हणजे घाम आणि तेल, बाकी काही नाही. ब्रश मोरपिसासारखा फिरवायचा. पण ब्रश लागायच्या आधी फोटो, कारण ब्रश चुकला तर परत संधी नाही. शेजारी मोजपट्टी ठेवायची, कॅमेरा अगदी सरळ धरायचा, उजेड तिरका टाकायचा. डोंबिवलीहून येताना शीळफाट्याला गाड्या तुंबल्या की मी बसच्या काचेवरचे लोकांचे पंजे बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, दिवा इकडून, कॅमेरा इथे. शेजारचा माणूस थोडा सरकून बसायचा.

माझा पहिला तास आला. समोर सगळे वर्दीतले लोक. पहिल्या रांगेत कल्याणकडचे एक हवालदार, रिटायर व्हायला आलेले, मिशी पांढरी. त्यांच्या शेजारी नव्याने फौजदार झालेल्या एक मॅडम. सकाळपासून या सगळ्यांनी हॉलमध्ये मांडलेली खोटी घरफोडी तपासली होती. मॅडमच्या गटाला टॉर्च आडवा धरून धरून शेवटी स्टीलच्या डब्याच्या झाकणावर एक सुरेख अंगठा सापडलेला. आता मी त्याचा फोटो घेऊन दाखवायचा होता.

डबा टेबलावर ठेवला, कॅमेरा लावला, आत बघितलं. झाकणावर धुळीचा एक कण दिसला. मी वाकलो, झाकणावर तोंडाने हाऽ केलं आणि शर्टाच्या टोकाने झाकण लख्ख पुसलं.

स्टुडिओत आम्ही सगळंच असं पुसायचो. फ्रेमची काच, नवरदेवाचं घड्याळ, रुखवतातली ताटं. हात आपोआप जायचा.

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग हवालदार काका म्हणाले, "घ्या. आरोपी सुटला. जामीनसुद्धा भरायला लागला नाही."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांची सकाळ गेलेली. मी सरांकडे बघायचं टाळलं. मला गावचा एसटी स्टँड दिसत होता, अगदी त्याच्या बाहेरच्या पानटपरीसकट.

सर म्हणाले, डबा राहू दे आणि हात मागे घे. मग वर्गाला विचारलं, चोरीच्या जागी पोचलात आणि तुमच्या आधीच सगळं पुसलेलं होतं, असं कुणाकुणाचं झालंय?

हळूहळू हात वर झाले. हवालदार काकांनी एका किराणावाल्याची गोष्ट सांगितली. दुकान फुटलेलं, हे पोचेपर्यंत त्याने गल्ला ओल्या फडक्याने पुसून, हळदकुंकू वाहून, उदबत्तीसुद्धा लावलेली. चोराचा हात लागलेल्या गल्ल्यावर बसू कसा, असं यांनाच विचारत होता. मॅडम म्हणाल्या, एका बाईंनी तर पोलीस येणार म्हणून घर आवरून ठेवलेलं. चोर ज्या ग्लासातून पाणी प्यायला, तोच घासून त्यातून मला पाणी दिलं. आता मात्र त्याही हसल्या.

"त्यांना फोनवर काय सांगितलं होतंत?" सरांनी विचारलं.

"कशाला हात लावू नका, म्हणून."

"त्यांनी ऐकलं की. पुसणं म्हणजे हात लावणं, असं आपल्याकडे कुणालाच वाटत नाही. म्हणून वेगळं सांगायचं, काही पुसू नका, काही आवरू नका. हा मुलगासुद्धा महिनाभर माझ्याकडे शिकतोय, तरी हात गेलाच त्याचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, दुसरा डबा घे."

दुसऱ्या डब्यावर मॅडमनी स्वतः अंगठा दाबला आणि डबा माझ्याकडे न देता टेबलावर ठेवला. मी कॅमेऱ्याशी गेलो तेव्हा मागून कुणीतरी शर्ट धरल्यासारखं वाटलं. हवालदार काका होते. "सर, याचं हत्यार जप्त केलंय," म्हणाले, "आता काढू दे फोटो." मी एकेक गोष्ट तोंडाने बोलत केली. स्टीलमध्ये आपलंच तोंड दिसतं म्हणून समोर थर्माकोल. मोजपट्टी. टॉर्च खाली, अजून खाली, झाकणाला जवळजवळ टेकलेला. आणि जिथे काहीच नव्हतं तिथे शेत नांगरल्यासारख्या रेघा उठून आल्या.

मॅडम स्क्रीनवर वाकल्या. रेघांना कापत जाणारी एक आडवी चीर होती. "ही विळीची," त्या म्हणाल्या, "आठवीत असताना लागलेली. अहो, हीपण आली." मग सगळेच उठले, प्रत्येकाला स्वतः काढून बघायचं होतं. काकांनी शर्ट सोडला तो स्वतःचा अंगठा द्यायला.

संध्याकाळी सर ब्रश डब्यात भरत होते. मी खुर्च्या लावत राहिलो, लावलेल्याच परत लावल्या. विचारायची हिंमत होईना. शेवटी तेच म्हणाले, पुढच्या बॅचला फोटोचा तास तू घे, त्याच्या पुढच्यालाही.

मी नुसतं "हो सर" म्हटलं.

"आणि पहिला डबा पूस."

"सर?"

"मुद्दाम पूस. त्यांची सकाळभराची मेहनत त्यांच्यासमोर जाऊ दे. मी इतकी वर्षं तोंडाने सांगतोय, आज जसं पोचलं तसं कधी पोचलं नाही."

खाली येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहून आईला फोन लावला. पोलिसांना शिकवायचं काम कायमचं मिळालं, म्हटलं. तिला ते खरंच वाटेना.

"पोलिसाईले तू शिकवतं? मारत त नाही ना तुले?"

नाही म्हटलं, चांगले आहेत. तिच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मंग आता तिकडंच राहशीन."

"हो."

"बरं. मंग सुट्टी घेऊन येत जाय. काम सोडून नको येऊ."