दम लागतोय

मुकुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवासला घरी दाढी करत होतो. धारहून त्याचा पुतण्या बोलत होता. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि राहिलेली अर्धी दाढी नीट पूर्ण केली. त्याला आता दीड महिना झाला. रडू अजून आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल... येईल तेव्हा येईल.

आमची ओळख इंदूरच्या कॉलेजातली. त्याचं घराणं धारचं जुनं, पूर्वज संस्थानात कारकून. त्याच्याकडे वडिलांना पत्रात अजून 'तीर्थरूप' लिहीत. माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून देवासला आलेले आणि मी हिंदी शाळेत शिकलेला. माझं मराठी ऐकून मुकुंदा कपाळाला हात लावायचा. हा लेख त्याने वाचला असता तर लाल पेन घेऊनच बसला असता.

तो भूगोलाचा मास्तर. आयुष्यभर फळ्यावर हिमालय काढला, पण पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर म्हणाला, तंबू घेऊ आणि निघू. तीन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीतून निघालो. आधी सातपुड्याचं राष्ट्रीय उद्यान, मग उत्तराखंडातली, शेवटी हिमाचलातलं. गाडी मी चालवायची, नकाशा त्याने वाचायचा. मोबाईल रस्ता सांगत असला तरी कागदी नकाशा त्याच्या मांडीवर असायचाच आणि दोघांचं पटलं नाही की तो मोबाईललाच नापास करायचा. तंबू ठोकताना आम्ही रोज भांडायचो. डब्यातली रतलामी शेव आणि वर भुरभुरायचा जिरावन मसाला मात्र तो कुणाला हात लावू देत नसे.

हिमाचलात वनखात्याने तंबूसाठी दिलेली जागा चांगलीच वर होती. मी पुढे, तो मागे. अर्ध्या चढावर त्याने हाक मारली, "अरे, दम लागतोय." आमच्या घरी 'सांस फुलते', दम हा शब्द मी ऐकला तो फक्त हिंदीतला. वाटलं, गडी जोर लावतोय. मी वरून इंदुरी थाटात ओरडलो, "हाँ भिया, लगा दम!" आणि चालत राहिलो. वर पोचून वळून पाहिलं तर हा खाली दगडावर बसलेला, धापा टाकत हसतोय. वर आल्यावर म्हणाला, "गाढवा, मराठीत दम लागला की माणूस थांबतो." तेव्हापासून ते आमचं घरचं हत्यार झालं. त्याला गाडी धुवायची असो की मला विजेचं बिल भरायचं असो, एक म्हणणार दम लागतोय, दुसरा म्हणणार लगा दम.

जाण्याच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला होता. म्हणाला, दम लागतोय रे, हल्ली जिन्यावरही लागतो. मी नेहमीचंच म्हणालो, "तो लगाओ ना, भिया." तो हसला, मीही हसलो. मग तो थोडा थांबला... आणि पुढच्या खेपेला जायचं होतं त्या सिक्कीमच्या रस्त्यांबद्दल बोलू लागला.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. धारला तेराव्याला गेलो तेव्हाही गप्प राहिलो. सुनंदावहिनींना, त्याच्या बायकोला, सांगायचं की नाही, यावर महिनाभर स्वतःशीच झगडत राहिलो. सांगितलं तर त्या मला कधी माफ करणार नाहीत, नाही सांगितलं तर मी त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ? शेवटी मागच्या रविवारी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्या मटार सोलत होत्या. हात थांबले नाहीत.

"मला माहीत आहे, भावजी. मीच यांना म्हटलं होतं, डॉक्टरकडे माझं ऐकून जाणार नाही तुम्ही, भावजींना तरी विचारा. फोन ठेवला आणि मला म्हणाले, सांगितलं त्याला, तो हसला. म्हणजे काही विशेष नाही."

मग त्या चहा टाकायला उठल्या. मी बसलो होतो ती खुर्ची त्याची होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. उठायला हवं होतं. उठलो नाही.