देवकाबाईंची गुलाबी गोळी

"मॅडम, हे माही गोळी नाही."

देवकाबाई तळहात माझ्यापुढे धरून उभ्या होत्या. मी कावले. "हीच आहे. घ्या लवकर, मागे लाइन लागलीये."

"माही पांढरी राहते. हे गुलाबी हाय."

नागपुरात बेघरांसाठी एक निवारा आहे, तिथली मी मॅनेजर. नाश्त्यानंतर औषधं वाटायचं काम केअरटेकरचं. तो गावी गेलेला, म्हणून तेही मीच अंगावर घेतलं होतं. प्रत्येकाच्या गोळ्या नाव लिहिलेल्या पाकिटात असतात. मी हातातलं पाकीट पाहिलं. नाव शेजारच्या पलंगावरच्या आजोबांचं होतं. गोळी शुगरची. देवकाबाईंना शुगर नाही, फक्त बीपी. शुगर नसलेल्या माणसाने ती घेतली तर रक्तातली साखर एकदम उतरते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यात बाईंनी सकाळपासून नुसता चहा घेतलेला. मी त्यांच्या तळहातावरची गोळी उचलून परत पाकिटात टाकली.

देवकाबाईंनी कळमन्याच्या मार्केटात आयुष्यभर संत्री निवडली. चांगली इकडे, डागी तिकडे. त्या नजरेमुळे वाचलो, त्याही आणि मीही.

"मी कोणाले नाही सांगत," त्या हळूच म्हणाल्या. "पण मॅडम, तुमचे डोळे डागी संत्र्यावानी दिसून राहिले. घरी काहून नाही जात?"

खरंच, काहून? थंडी पडली की निवाऱ्यात माणसं वाढतात. तेव्हापासून मी एकही वीकली ऑफ घेतला नव्हता. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही, असं वाटायचं मला. सेवा कसली, गर्वच तो.

झाकलं असतं तर झाकलं गेलं असतं. पण मग झोप कशी लागली असती? निवारा चालवणाऱ्या संस्थेच्या सरांना फोन लावला. नोकरी जाणार, हे धरूनच सगळं सांगितलं.

"गोळी पोटात गेली का?"

"नाही सर."

"शेवटची सुट्टी कधी घेतली?"

"आठवत नाही."

"मग चूक माझीही आहे. मी विचारायला पाहिजे होतं. रिपोर्ट लिहा, चाव्या ठेवा, घरी जा. परवा या."

"आज-उद्या इथं कोण?"

"मी. मलेही येते भाजी वाढता."

हुडकेश्वरला घरी पोचले आणि दिवेलागणीपर्यंत झोपले. मग निवाऱ्यात फोन केला. सर म्हणाले, "पुन्हा फोन केला तर आणखी एक दिवस सुट्टी." दोन दिवस गेले, आणि निवारा जागेवरच होता. थोडा रागच आला मला.

आता नियम आहे: गोळी घेणाऱ्याने आधी स्वतःच्या गोळीचा रंग सांगायचा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी देवकाबाई बसतात. थकलेला माणूस कितीही भला असो, चुकतोच. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पण कळलं देवकाबाईंमुळे. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

माझा ऑफ रविवारी असतो, सोमवारी औषधं वाटायची पाळी माझी. मी गोळी पुढे केली की त्या लगेच घेत नाहीत. आधी माझे डोळे निरखतात, मग तळहात पुढे करतात.