शंभर जवानांची आमटी

माझा भाऊ पस्तिशीला टेकला होता. कराडजवळ बागायती ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर, व्यसन नाही. तरी स्थळे येत आणि जात. मी सांगलीला वर्तमानपत्रात नोकरीला असल्याने नकाराचे फोन मला येत. आईवडिलांना थेट सांगणे लोकांना अवघड वाटे.

त्यातला एक फोन मोकळा होता.

"ताई, पोरगं चांगलं हाय. पण तुमच्या आईनं सांगितलं, त्यानं पाण्याचा तांब्यासुदिक कवा स्वतः घेतला न्हाई. आमची पोरगी बँकेत जाती. तांब्या द्यायला तिनं रजा काढायची का?"

आई हे कौतुकाने सांगत असे. तिच्या लग्नात तिच्या सासूनेही मुलाविषयी असेच सांगितले होते, आणि त्यावर तिच्या माहेरचे खूश झाले होते.

पुढचे स्थळ पाटणकडचे. मुलगी नर्स, तिचे वडील निवृत्त सुभेदार. माझे वडीलही फौजेतले, त्यामुळे दोघांचे लगेच जुळले. आई तांब्यावर येणार, तेवढ्यात सुभेदारांनी विचारले, "फौजेत तुमचा ट्रेड काय वो?"

वडील बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "कुक."

आईला हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे तिला 'सप्लाय' एवढेच सांगण्यात आले होते.

"आवं, आन् मी आजारी पडले की शेजारनं भाकरी मागवत हुता?" ती पाहुण्यांसमोरच म्हणाली.

मुलगी हसली. मग थेट भावाला म्हणाली, "माझी रात्रपाळी असते. पुढच्या रविवारी आम्ही परत येतो. तुमच्या हातचं जेवू, मग ठरवू."

आठवडाभर वडिलांनी शिकवणी घेतली. अडचण एवढीच की त्यांना प्रमाण शंभर जवानांचे पाठ होते. भाऊ भागाकार करत बसे. मिठाचा जमला, डाळीचा चुकला. रविवारी मोजक्या पाहुण्यांसाठी कार्याचे पातेले काठोकाठ भरले. गल्लीत वाटूनही आमटी उरली.

मुलीने दोनदा वाढून घेतली. तिच्या आईने हात धुतले आणि विचारले, "आन् भांडी?"

भाऊ उठला. पाठोपाठ माझी आईही सवयीने उठली.

"तू बस," वडील म्हणाले.

ती बसली, पण खुर्चीच्या अगदी कडेला. आत नळ सुरू झाला. थोड्या वेळाने काहीतरी खळकन वाजले.

"काय फुटलं रं?" आई ओरडली.

"कपबशी."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि आत वाकून बघत राहिली.

"एवढा साबण घेतल्यावर निसटणारच," ती भावाला म्हणाली. मग मागे वळून सुभेदारांना म्हणाली, "आबा, लग्नाची सुपारी फोडायला हरकत न्हाई."