मामांच्या ट्रॅक्टरला मी लावलेला गंज

कप आधी खाली ठेवा. व्हय, खालीच ठेवा! मागच्या बारीला हा किस्सा सांगितला तवा आमच्या एका दोस्ताच्या नाकातून चहा आला, अन् त्याची तकलीफ पुन्हा माह्याच शर्टाला झाली. तर ऐका. चांगला धडधाकट माणूस सासुरवाडीत जाऊन स्वतःच्या हातानं स्वतःचा पचका कसा करून घेतो, त्याचा हा नमुना. नमुना म्हंजी मीच.

माहं हिंगोलीत मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय. दिवसभर बारीक स्क्रू अन् बारीक वायरी. मग घरी आल्यावर विरंगुळा काय? त्याच्याहून बारीक काम! प्लास्टिकच्या मॉडेलचे किट मागवायचे. डब्यातून सुटे भाग निघतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. मग स्प्रेचा डबा खळखळ हलवून रंग मारायचा, अन् राहिलेलं काम चार केसांच्या ब्रशनं करायचं. रणगाडे, जीपा, इमानं. तळहातावर मावतात, पण फोटोत पाहिलं तर खरे वाटतात. निदान मला वाटतात.

माही बायको रेखा मात्र त्याला खेळणे म्हणते. "दोन लेकरांचे बाप झालात, तरी तुमचं खेळणं सरून न्हाई राहिलं!"

एक दिवस सासूबाईंनी तिला फोनवर इचारलं, "जावईबापू दुकान बंद करून काय करतेत गं?"

आता ही माहेरी काय सांगणार? खेळण्यासंग खेळतेत म्हणून? हिनं देलं ठोकून, "गाड्या रंगवतेत. इमानं बी रंगवतेत."

बस्स, एवढंच! बरं, त्यात खोटं एक अक्षर न्हाई. पण सासूबाईंनी ते मामांना सांगितलं. सासऱ्यांना आमी मामाच म्हणतो. अन् मामांनी आखाडा बाळापूरच्या भर बाजारात सांगितलं, "आमचे जावई इमानं रंगवतेत. सरकारी."

हे 'सरकारी' कुठून आलं, देव जाणे!

तवापासून मी सासुरवाडीला गेलो की लोक मला पाहायला येऊ लागले. एकजण म्हणे, "दाजी, आभाळात रंग उडून जात न्हाई का?" मी म्हणलं, "पक्का असतो." आता सांगा, दुसरं काय म्हणणार? मामा शेजारी मिशीला पीळ देत बसलेले!

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग निघाला गजूच्या लग्नाचा विषय.

गजू माहा मेव्हणा. पोरगं लाखात एक. शेती हाय, हळद हाय, कसलं व्यसन न्हाई. पण शेती करणाऱ्या पोराला पोरगी भेटणं आजकाल किती अवघड झालं, ते तुमाला काय सांगायचं! पाव्हणे यायचे, पोहे खायचे, घरदार पाहायचे, अन् "कळवतो" म्हणून जायचे. कळवत कोणीच नव्हतं. मागच्या पाव्हण्यांनी तर जाता जाता अंगणातल्या ट्रॅक्टरकडं पाहून नाक मुरडलं. "लई जुना दिसून राहिला," म्हणले.

ते मामांच्या काळजाला लागलं. त्यांनी मला फोन केला.

"जावईबापू, वसमतकडचे पाव्हणे येऊन राहिले. ही सोयरीक हातची जायाला नको. ट्रॅक्टरला तेवढा तुमचा हात लागला पाहिजे."

"मामा, मी? वारंगा फाट्यावर चांगला पेंटर हाय की!"

"घरचा माणूस इमानं रंगवून राहिला, अन् मी फाट्यावर काहून जाऊ?"

समोर रेखा दोन्ही हात जोडून उभी. फोनवर हात ठेवून मी म्हणलं, "खरं सांगून टाकू का?" ती म्हणली, "गजूचं जमू द्या, मग काय सांगायचं ते सांगा. आत्ता सांगितलं तर माहा बाप बाजारात तोंड दाखवू शकणार न्हाई." तिचे डोळे भरून आले होते. गेलो मग.

हिंगोलीतून पिशवीभर स्प्रेचे डबे घेतले. घरचे बारीक ब्रश घेतले, सवयीनं. मामांनी एक डबा हातात घेऊन उलटासुलटा पाह्यला.

"एवढ्याशा डब्यात इमान व्हते?"

"लहान असते, मामा."

पाहा, खरं तेच बोललो!

गजूनं ट्रॅक्टर शाम्पूनं धुतला. व्हय, शाम्पूनं! स्वतःच्या केसाला कधी लावला न्हाई एवढा त्यानं मडगार्डला लावला. मी पॉलिश पेपरनं घासला, प्रायमर मारला, अन् वर लाल रंग चढवला. खोटं कशाला बोलू, भीती होती ती पहिल्या हातालाच गेली. मॉडेल काय अन् ट्रॅक्टर काय, हात तोच. डबा लांब धरायचा, हात थांबू द्यायचा न्हाई, थर पातळ द्यायचा. एक ओघळ आला न्हाई! बॉनेटवरची अक्षरं बारीक ब्रशनं काढली. चाकांच्या रिंगा पांढऱ्याशुभ्र केल्या.

मामा ट्रॅक्टरभोवती फिरले. बॉनेटजवळ हात नेला, पण लावला न्हाई. म्हणले, "नवरदेवच दिसून राहिला हो! आता पाहू कोण नाक मुरडते." मला बी लई बरं वाटलं. जावई म्हणून इतक्या वर्षात पहिल्यांदा काहीतरी कामाला आलो होतो.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. इथं थांबलो असतो तर आज सासुरवाडीच्या भिंतीला माहा फोटो असता.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांना आणायला मामा जीप घेऊन वारंगा फाट्यावर गेले. गजू बाळापूरला फेशियल करायला गेला. बायामाणसं सैपाकात गुंतलेली. अंगणात मी, ट्रॅक्टर, अन् माहा मोबाईल. तिघांपैकी घात केला तो मोबाईलनं.

आमचा मॉडेल बनवणाऱ्यांचा एक ग्रुप हाय. त्याचे ॲडमिन पुण्याचे एक रिटायर साहेब. लई जाणकार, पण कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. माह्या एका बी कामाला त्यांनी कधी चांगलं म्हणलं न्हाई. म्हणलं, आज पाहू! ट्रॅक्टरचा एक झकास फोटो काढला, अन् खाली लिहिलं, "माझं नवीन काम."

गंमत म्हणून टाकला हो! वाटलं, खरा ट्रॅक्टर हाय हे कोणाच्या बी ध्यानात येईल. कशाचं काय! साहेबांचं उत्तर आलं.

"प्रयत्न चांगला आहे. परंतु ट्रॅक्टर अगदीच खेळण्यातला वाटतो."

खेळण्यातला! अहो, शेतात नांगर वढणारा ट्रॅक्टर! मी लिहायला घेतलं की साहेब, हा खरा हाय, तवर दुसरं आलं.

"टायर ओबडधोबड झाले आहेत. खऱ्या ट्रॅक्टरचे टायर असे नसतात."

मग बाकीचे बी लागले. "प्लास्टिक स्पष्ट कळतंय." "धूळ नाही, गंज नाही, चिखल नाही. वेदरिंग कोण करणार?"

हे वेदरिंग काय, ते सांगतो. आमच्यात नवं कोरं मॉडेल चमकत ठेवणं म्हंजी अडाणीपणा. ते रंगवून झालं की त्याच्यावर रंगानंच गंज दाखवायचा, चिखल दाखवायचा, तेलाचे ओघळ, धुराचे डाग दाखवायचे. जितकं वापरून जुनं झालेलं दिसेल तितकी वाहवा. सगळी दुनिया जुन्याला नवं करते, अन् आमी येडे नव्याला जुनं करण्यात रात्री घालवतो!

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? एक ओळ लिहिली असती, मोबाईल खिशात ठेवला असता, अन् भजे खायला आत गेला असता. पण माहं टाळकं सरकलं. म्हणलं, ह्या माणसाच्या तोंडून एकदा तरी "खरा वाटतो" असं वदवून घेतोच! म्हंजी पाहा, खऱ्या ट्रॅक्टरला खरा म्हणवून घेण्यासाठी मी त्याला खोटा गंज लावायला बसलो.

फक्त पुढचा एक कोपरा करायचा, फोटो काढायचा, अन् पुसून टाकायचा, असं ठरवलं होतं. देवाशप्पथ!

सासूबाईंचा गेरू होता, तो तेलात कालवला. भांडे घासायच्या स्पंजाचा तुकडा तोडला अन् बॉनेटच्या कडेला टिपटिप गंज उठवला. असा उठला म्हणता! मग एका बाजूला गंज अन् दुसरी बाजू कोरी, हे डोळ्याला खुपायला लागलं. दुसरी बाजू केली. मग जळक्या ऑइलचे ओघळ सोडले. मडगार्डला चिखल पाहिजेच की! अंगणातली काळी माती डिंकात कालवली अन् ब्रशनं थापली. गजूनं शाम्पू लावून जो चिखल काढला, तोच मी डिंक लावून परत चढवला.

ही कामं करताना आमाला भान राहत न्हाई. आतून रेखानं आवाज देला, "काय करून राहिलात?"

"शेवटचा हात!" मी म्हणलं.

अन् शेवटचा हात म्हंजी काय? सवयीनं मी पिशवीतला लॅकरचा डबा काढला, अन् सगळ्या गंजावर, सगळ्या चिखलावर पक्का थर मारला. त्यानं केलेलं काम पुसत न्हाई. कधीच पुसत न्हाई!

फोटो टाकला. अन् तेवढ्यात जीप अंगणात आली.

मामा पुढून उतरले. पाव्हण्यांकडं तोंड करून, ट्रॅक्टरकडं पाठ करून, हात लांब करून म्हणले, "अन् हा आपला ट्रॅक्टर. जणू आजच शोरूममधून आणला!"

पाव्हण्यांनी पाह्यलं. मग मामा वळले.

काय सांगू त्या तोंडाचं! आ वासला तो मिटेचना. पाव्हणे, म्हंजी पोरीचे वडील, धोतराचा सोगा सावरत ट्रॅक्टरजवळ गेले. चांगले जाडजूड, रोखठोक माणूस.

"शोरूम कुठलं म्हणायचं हे?" त्यांनी इचारलं.

त्याच टायमाला गजू आला. फेशियल करून. त्या अंगणात आता एकच गोष्ट चमकत होती, गजूचं तोंड. तो रडवेला झाला. "दाजी! ट्रॅक्टरला काय झालं? काल तर लाल होता!"

"गंज हाय," मी म्हणलं.

"एका दिवसात?" पाव्हणे म्हणले.

"न्हाई, म्हंजी... रंगवलाय."

"गंज? रंगवलाय?"

"व्हय. अन् चिखल बी."

पाव्हण्यांनी नखानं खरडून पाह्यलं. मोठा पोपडा निघाला, अन् खालून माहा लाल रंग चमकला. त्यांनी एकदा रंगाकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं पाह्यलं.

"हे कोण?"

आतून रेखा धावत आली होती. तिनं ट्रॅक्टर पाह्यला अन् पदर तोंडाला लावला. मामा म्हणले, "जावई. इमानं रंगवतेत."

"मग इमानात न्हाई बसायचं बाबा आपून!" पाव्हणे म्हणले.

मला वाटलं, संपलं. गजूचं लगीन माह्या स्पंजानं पुसून नेलं. मी मामांसमोर हात जोडले अन् सगळं खरं सांगून टाकलं. मॉडेल, ग्रुप, पुण्याचे साहेब, सगळं. "मामा, मी इमानं रंगवत न्हाई. खेळणे रंगवतो. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण गजूचं मोडू नका."

मामा ओट्यावर जाऊन बसले. सासूबाई चहा घेऊन आल्या, तवा मामांनी पहिला कप उचलला अन् माह्यासमोर धरला. वर बशीत बिस्किट.

पाव्हणे हे सगळं पाहत होते. अन् एकाएकी हसायला लागले हो! पोट धरून, डोळ्यात पाणी येईस्तोवर. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून मामांना म्हणले, "माह्या जिवाला एकच घोर होता. पोरगी लाडाची हाय. उद्या तिच्या हातून दूध उतू गेलं, भाकर करपली, तर सासरी तिचं कसं व्हईल? आज डोळ्यानं पाह्यलं. ह्या माणसानं एवढ्या चांगल्या ट्रॅक्टरचं वाटोळं केलं, तरी त्याला चहा भेटला. वरून बिस्किट! असल्याला जिथं सांभाळून घेतेत, तिथं माह्या लेकराला काय तकलीफ व्हणार? आमच्याकडून पक्कं समजा."

मामा उठून त्यांच्या गळ्यात पडले. सासूबाई रडायला लागल्या. गजू रडायला लागला, त्याचं फेशियल ओघळलं. मामांनी मला मागाहून सांगितलं, "जावईबापू, मी मोठ्या मनाचा न्हाई. माही वाचाच बसली होती."

पेढे वाटून झाले, पाव्हणे गेले. मग मामांनी माह्या हातात घासलेटचा डबा अन् चिंध्या दिल्या. मी ट्रॅक्टरजवळ उकिडवा बसून घासायला लागलो.

तवर मोबाईलवर साहेबांचं उत्तर आलं होतं. "वा! आता अगदी खरा वाटतो. मॉडेल असूनही!"

रेखानं ते वाचलं अन् तिचा पारा चढला. "थांबा, दावते त्यांला!" म्हणून तिनं घासणारा मी अन् शेजारी ट्रॅक्टर असा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, अन् खाली लिहिलं, "हा खराच ट्रॅक्टर हाय. शेजारी माहा नवरा बसला हाय, पाहून घ्या. त्यांला पुन्हा नादी लावू नका."

मी म्हणलं, बरं झालं, एकदाचं कळलं. अन् मग साहेबांचं उत्तर आलं.

"ट्रॅक्टर अप्रतिम. शेजारच्या माणसाचं मॉडेल मात्र जमलेलं नाही. खऱ्या माणसाचा चेहरा इतका बावळट नसतो."