नागूअक्काच्या भाकरींचा रकाना

नागूअक्का गेल्याची बातमी मला बसच्या कंडक्टरनं दिली. औरादकडून आलेली गाडी भालकीच्या स्टँडवर थांबली आणि खिडकीतून त्यानं हाळी दिली, "ओ कागदअण्णा, ठाणाकुशनूरची तुमची अक्का गेली की हो! काल दुपारी. जेवून जरा कलंडली ती उठलीच न्हाई." मी हातातला चहा तसाच धरून उभा राहिलो. 'तुमची अक्का' म्हणाला तो. ती धनगराच्या घरातली, मी भालकीकडच्या मेहकरच्या बौद्ध घरातला. नातं म्हणावं तर एका छापील कागदाचं. तरी सगळा मुलूख तिला माझीच अक्का समजायचा, आणि तिनंही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. दीड महिना झाला आता. रडायचं ते रडून झालंय. बाकी जे उरलंय ते बहुतेक हसण्यासारखंच आहे, म्हणून लिहायला बसलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हैदराबादेहून एक डॉक्टरीणबाई आमच्या भागात यायच्या. जुनाट संधिवातावर त्यांचं संशोधन चाललं होतं. बोटं, मनगटं, गुडघे सुजतात, सकाळी अंग लाकूड होऊन बसतं आणि वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही, तो आजार. एक नवी गोळी आली होती, तिनं बायकांना काही फरक पडतो का ते बघायचं होतं. निम्म्या बायकांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी. कुणाला कोणती, हे ना त्या बायकांना ठाऊक ना मला. दर महिन्याला गावोगाव हिंडून प्रश्न विचारायला मराठी, कानडी आणि उर्दू तिन्ही बोलणारा माणूस हवा होता. मी मॅट्रिक होऊन दोन वर्षं गावात हवा खात होतो. मला घेतलं. गळ्यात पिशवी, पिशवीत कागद... आणि महिन्याभरात माझं नाव पडलं कागदअण्णा.

नागूअक्काच्या घरी पहिल्यांदा गेलो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. आमच्या लोकांना तेव्हा बऱ्याच घरांत चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. वळचणीला खोचलेला असायचा तो, आपणच काढायचा, आपणच विसळून परत ठेवायचा. अक्कानं घरातली कपबशी आणली आणि दोन्ही हातांनी, ओंजळीत धरावी तशी, माझ्यापुढं केली. एवढा मान मला तोवर कुणी दिला नव्हता. त्या भरात कागद काढला आणि विचारलं, "अक्का, हातपाय दुखायलेत का?"

"न्हाई बा. बरं हाय."

मी ठळक अक्षरात लिहिलं, बरं आहे.

असंच सगळीकडं. ठाणाकुशनूरपासून पार मन्नाएखेळ्ळीपर्यंत बाया बरं हाय म्हणत होत्या आणि मी इमानदारीनं लिहीत होतो. पहिले दोन महिने डॉक्टरीणबाई खूश. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या कपाळाला आठी पडली. नवी गोळी घेणारी बरी, जुनी घेणारी बरी, आणि एक बाई गोळ्या कोंबड्यांना टाकत होती असं नंतर कळलं, तीही बरीच! "तू विचारतोस तरी काय?" त्यांनी मला झापलं. कागदावर आहे तेच विचारतो म्हणालो. खोटं नव्हतंच ते.

पुढच्या खेपेला दुधाच्या गाडीवर बसून मी भल्या सकाळी ठाणाकुशनूरला पोचलो. अक्काच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. बघतो तर अक्का परातीत भाकरी थापायलीय, पण बोटांनी नाही. बोटं काटक्यांसारखी ताठ वर उचललेली, आणि मनगटाजवळच्या तळव्यानं ती पिठावर दाब देतेय. तोंडात पदराचा बोळा. एक झाली, दोन झाल्या... पाचव्या भाकरीला बोटं हळूहळू वाकायला लागली, तेव्हा तिनं तोंडातला पदर काढला आणि मला बघितलं.

"कामून आलास इतक्या सकाळी? चोरावानी!"

"अक्का, हे काय? तू तर बरं हाय म्हणतीस!"

"हळू बोल. शकू गोठ्यात हाय." शकू म्हणजे तिची सून. "कागदावर लिवू नगंस, तुला माझी आन हाय. बाईचा हात गेला म्हनलं की चूल सुनंकडं जाती, आन म्हातारी वसरीवर. वसरीवरची म्हातारी म्हंजी सुपातलं भुसकट रं. कुनीबी फुंकावं."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे तो कप दोन हातांनी..."

"मग? एका हातानं धरला असता तर पडला असता की! तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं. अक्का आधी बघतच राहिली, मग इतकी हसली की परातीला धरून बसली. "आरं येड्या! ... पन कप घरातला हुता न्हवं? मग झालं तर."

त्या महिन्याचा तिचा कागद मी कोरा ठेवला. कोरा कागद बघून आठवड्याभरात डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. ओसरीवर बसल्या, शकूनं पाणी दिलं. बाईंची मराठी तोडकी, मी मधे बसून सांगत होतो. त्या म्हणाल्या, सगळ्यांना बरं वाटतंय, तर ही नवी गोळी चांगली असं मी लिहून टाकते. मग कुठं कुठं असा आजार असलेल्या बायका असतील त्यांना हीच देतील. अक्कानं ऐकलं. एकदा शकूकडं बघितलं, एकदा आत चुलीकडं. तिच्या मनात काय चाललंय ते त्या घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

"मग बरं न्हाई," अक्का म्हणाली. "खोटं सांगितलं म्या. तुमी इतक्या लांबनं धुरळा खात येता, दारातल्या पाव्हन्याला दुखतंय म्हनून कसं सांगावं? पर माझं खोटं दुसऱ्या बायांच्या पोटात जायला नगं." आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर ती थांबते कसली! "आन तुमचं इचारनं बी असलं! दुखतंय का, किती दुखतंय. दुखनं काय शेरानं मापावं? काय करता येत न्हाई ते इचारा. चोळीची गाठ बसती का इचारा. कंदिलाची वात वर करता येती का इचारा. सकाळी कितव्या भाकरीला बोटं मोकळी व्हत्यात ते इचारा. माझी पाचव्या भाकरीला व्हत्यात."

बाईंच्या कागदावर प्रश्न होता, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकतो? घड्याळ तर गावात पोस्टमास्तराकडं एक, तेही बंद. बाई खुर्चीवरून उठून अक्काजवळ खाली बसल्या आणि संध्याकाळपर्यंत लिहीत राहिल्या. पुढच्या महिन्यात नवे कागद छापून आले. त्यात गाठीचा रकाना होता, कंदिलाचा होता, आणि सगळ्यात मोठा रकाना भाकरींचा. त्यानंतर बाया खरं बोलायला लागल्या. गोळी साधारणच निघाली म्हणा, पण निदान खरी साधारण निघाली.

शकूनं मात्र त्या दिवशी सगळं ऐकलं होतं. महिन्यानं मी गेलो तो जीव मुठीत धरून. ओसरी रिकामी. आत बघितलं तर अक्का परातीपुढं ठाण मांडून, आणि शकू शेजारी बसून ऊन पाण्यात पीठ मळून देतेय.

"डागदरीनबाईचा हुकूमच हाय," अक्का मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "रोज थापून मोजायच्या. सुनंनं थापल्या तर कागदात काय सुनंची बोटं लिवायची?"

वर तिनं मला डोळा मारला. अक्का इतकी पोचलेली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

दोन वर्षांनी संशोधन संपलं. बाई परत गेल्या, मला सरकारी नोकरी लागली. पेढे घेऊन अक्काकडं गेलो तर तिचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "कागद बंद झाला म्हनून घरात सांगू नगंस. येत जा." उरलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडं होताच. तेव्हापासून दर महिन्याला मी जायचो, गंभीर चेहरा करून विचारायचो, लिहायचो आणि खाली अक्काचा अंगठा घ्यायचो. पाचाच्या सात झाल्या, एका हिवाळ्यात अकरा झाल्या. अकरा भाकरी खायच्या कुणी? शेजारीपाजारी वाटायच्या! बोटं वाकडी होत गेली, अंगठा आत वळला, पण चूल काही सुटली नाही. मी लग्न केलं, पोरं झाली, केस पिकले... कागद चालूच. बायको म्हणायची, लोक देवाला जातात, तुम्ही भाकरी मोजायला जाता.

अक्काचे दिवस झाल्यावर गेलो. शकूनं चहा दिला. तिचे डोळे सुजलेले होते. एवढी वर्षं त्या घराला फसवलं ही बोच मला बसू देईना. म्हटलं, "शकू, एक सांगायचं राहिलंय. तो कागद..."

"बंद झालाय. ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"डागदरीनबाई जातानाच बोलल्या. आता मोजायची गरज न्हाई म्हनल्या. मीच त्यांना म्हनलं, आत्तीला सांगू नगा." सासूला ती आत्तीच म्हणायची; चुलीकडं बघत बोलत होती. "चूल घिऊन मला काय करायचं हुतं, अण्णा? मला माय न्हाई. रोज सकाळी परातीपाशी आमी दोघीच असायचो. लई बोलायची माझ्यासंगं."

मी कप खाली ठेवला. मग तीच म्हणाली, "पिशवीत कागद हाय न्हवं?"

होता. घरून निघताना हात आपोआप गठ्ठ्याकडं गेला होता.

"लिवा मग. गेली त्या दिवशी आठव्या भाकरीला."

मी महिना लिहिला, नाव लिहिलं, आठ लिहिले. खाली अंगठ्याची जागा तेवढी कोरी राहिली. शकूनं ती बघितली. उठली, चुलीवरचा तवा उपडा केला, त्याच्या काजळीवर अंगठा घासला आणि कागदावर दाबून उमटवला.