काळ्या साड्या नेसून उत्तरेचे दिवे बघायला

मुलगी हॉलंडमध्ये हूफडॉर्पला राहते. आम्ही दोघं थंडीच्या आत परत जायचं ठरवूनच तिच्याकडं गेलो होतो, पण तिकीट पुढं ढकललं गेलं आणि संक्रांत तिथंच आली. तिच्या घरी दरवर्षी हळदीकुंकू असतं. त्या वर्षी तिच्या मैत्रिणींनी ठरवलं की घरात बसून तिळगूळ वाटण्यापेक्षा चार-पाच कुटुंबांनी बस करून उत्तरेला जायचं. ग्रोनिंगन शहराच्याही वर, समुद्राच्या कडेला, एक बाई संध्याकाळी लोकांना अंधारात फिरवते. उत्तर ध्रुवाकडून आलेले पक्षी दाखवते आणि नशीब असेल तर आकाशातले उत्तरेचे दिवेही दिसतात. थंडीत तिकडं दुपारचा चहा पिऊन कप विसळेपर्यंत अंधार पडतो, त्यामुळं जागरणाचा प्रश्न नव्हता.

मी विचारलं, "दिसतीलच असं नाही ना? मग जायचं कशाला?"

"आई, अनुभव असतो तो."

"अंधाराचा अनुभव आहे मला. आपल्याकडं रोज लाईट जायची."

ह्यांना मात्र जायचंच होतं. हे विजेच्या खात्यात लाईनमन होते. सगळी नोकरी खांबावर चढण्यात गेली. आकाशात तारेशिवाय उजेड पडतो म्हटल्यावर हे घरी थांबणं शक्य नव्हतं.

त्या बाईनं आधीच कळवलं होतं, गरम कपडे घाला आणि अंधारात उठून दिसतील असे घाला. मुलीनं ते सगळ्यांना मोबाईलवर पाठवलंही. पण संक्रांत म्हटल्यावर कोण ऐकतंय? बायका काळ्या साड्या आणि वर काळे कोट, पुरुष काळी जाकिटं, पोरांनाही काळं. ह्यांनी जावयाचा काळा कोट घातला, वर काळी कानटोपी.

बस थांबली तिथं ती बाई उभी होती. पन्नाशीची, ताडमाड उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आम्ही एकेक करून उतरलो तशी तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. जावई हसायला लागला.

"काय म्हणते?"

"विचारतेय, कोण वारलं?"

"तिला सांग, सण आहे म्हणावं. आमच्यात आज काळंच घालतात, थंडीत ऊब धरतं."

ती म्हणाली, ठीक आहे, पण तुम्ही मला दिसणार कसे? तिच्या गाडीत थोडी चमकणारी पिवळी जाकिटं होती, ती तिनं पोरांना घातली. एक उरलं ते ह्यांच्यापुढं धरलं. ह्यांनी हात झटकला. "नोकरीत घातलं तेवढं पुरे."

मग आम्ही बांधावर चढलो. बांध म्हणजे आपल्या शेतातला नव्हे. दोन मजली घराएवढा उंच, वर गवत, एका अंगाला शेतं आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. समुद्र तरी कसला, आधी गवताळ चिखल, त्यात ओहोळ, आणि पाणी कुठंतरी लांब. बाई म्हणाली, भरती चढायला लागली की आधी हे ओहोळ भरतात, तेव्हा समुद्राच्या बाजूला कुणीही उतरायचं नाही. मोबाईल खिशात. उजेड फक्त तिच्या लाल बॅटरीचा, कारण पांढऱ्या उजेडानं पक्षी उठतात.

आमच्यातल्या एकीनं विचारलं, "दिवे किती वाजता सुरू करतात?" बाईनं शांतपणे सांगितलं की ते कुणी सुरू करत नाही. सूर्यावरून बारीक कण सुटतात, ते पृथ्वीच्या वरच्या हवेवर आपटतात, तेव्हा उजेड पडतो. मुलीनं ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन ते मराठीत सांगितलं, कारण कानातलं ऐकायचं यंत्र घातलं की वाऱ्यानं शिट्टी वाजते म्हणून हे ते बसमध्येच ठेवून आले होते.

"म्हणजे मेन लाईन सूर्याकडून आहे," हे म्हणाले. "मग भरवसा नाहीच."

पक्षी दिसत नव्हते, ऐकू येत होते. खाली अंधारात हजारो बसलेले असावेत. एकसारखी कुजबुज, लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी असते तशी. बाईनं सांगितलं, हे काळे, बदकाएवढे हंस, सायबेरियाच्या पार वरच्या टोकाहून येतात. तिकडं उन्हाळा एवढासा, बर्फ वितळला की उघड्या जमिनीवरच अंडी घालायची आणि बर्फ पडायच्या आत पिल्लं उडती करायची. तिथं उंदरासारखा एक प्राणी असतो. ज्या वर्षी तो भरपूर, त्या वर्षी कोल्हे त्याच्यावर पोट भरतात आणि पिल्लं वाचतात. उंदीर कमी झाले की कोल्हा पिल्लांकडं वळतो. मग थंडीत थव्यात तरुण पक्षी जवळजवळ दिसतच नाहीत.

हे मला पटलं. आमच्या गल्लीतल्या मांजरांचं आणि कोंबड्यांचंही तसंच होतं. पण इथली थंडी सोसवते म्हणून एवढ्या लांबून जे इथं येतात, त्यांची मला कीवच आली.

परत फिरायच्या वेळी मुलगी माणसं मोजायला लागली. अंधारात काळी माणसं, त्यात लाल उजेड, ज्याच्या त्याच्या तोंडाचा नुसता गोळा दिसायचा. तिनं पुन्हा मोजलं. मग माझ्याजवळ आली.

"आई, बाबा कुठायत?"

"तुझ्या नवऱ्याबरोबर."

"नाहीत."

मला लगेच कळलं. ह्यांना रक्तदाबाच्या गोळीनं सारखं जावं लागतं. पण मुलगी, तिच्या मैत्रिणी, ती परकी बाई, एवढ्या बायकांत हे तोंडानं सांगणार नाहीत. गुपचूप बाजूला झाले असणार. आणि शेतांच्या बाजूला आमची माणसं उभी होती, म्हणजे उतरले असणार समुद्राच्या बाजूला.

जावई ओरडायला लागला, "बाबा! ओ बाबा!" तेवढ्यावर चार-पाच जण चारी दिशांना ओरडायला लागले. बाईनं सगळ्यांना गप्प केलं. दोन्ही हात वर केले आणि मान तिरकी करून उभी राहिली. मला राग आला. माणूस हरवलाय आणि ही पक्षी ऐकतेय.

पण ती पक्ष्यांवरूनच माणूस शोधत होती. डावीकडं कुजबुज तशीच चालू होती. उजवीकडं, बरंच पुढं, एकदम कल्ला झाला. शेकडो पंख फडफडले आणि आरडाओरडा करत थवा उठला. तिनं तिकडं बोट केलं. "तिथं कुणीतरी चालतंय," मुलीनं मला सांगितलं. पुढं ती आणखी काहीतरी बोलली, ते मुलीनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खालच्या ओहोळात पाण्याचा आवाज यायला लागला होता.

बाईनं तिची मोठी पांढरी बॅटरी लावली आणि उतरली. जावई मागं निघाला, त्याला तिनं थांबवलं, त्याच्या पायात कापडी बूट होते. जाता जाता वळून तिनं मुलीला सांगितलं की आईला हाक मारायला सांग, माणूस आवाजाच्या दिशेनं तोंड करतो आणि जागेवर थांबतो.

मी हाक मारली, "अहो!"

मागून दोघंतिघं म्हणाले, "काय?" त्यातला एक जावई होता.

पुन्हा मारली. समुद्रावरचा वारा तोंडावर, "अहो" कुठं जाणार? हवेतच विरलं. मुलगी रडायच्या बेताला आली होती. म्हणाली, "आई, नावानं मार ना! बाबांना तेवढंच ऐकू येईल."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. नाव घेतलं असेल ते उखाण्यात, तेही चार बायकांनी अडवून धरलं म्हणून. नावानं हाक ह्यांना त्यांची आई मारायची, ती गेल्यावर कुणीच नाही. मी पदर कमरेला खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ह्यांचं नाव घेऊन ओरडले. एकेरी. त्यांची आई गुरांमागं गेलेल्या पोराला बोलवायची तसं.

काही नाही. पुन्हा ओरडले.

लांबून, चिडलेला आवाज आला, "कोण आहे रे?"

"मी आहे! हलू नका! उभे राहा तिथंच!"

"हलतोय कुठं! पाय अडकलाय!"

मी ओल्या गवतात खाली बसले. माणूस चिडलाय म्हणजे धड आहे, हे मला पन्नास वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. बॅटरीचा उजेड त्यांच्यापर्यंत पोचलेला वरून दिसला. एक उंच माणूस, एक बुटका माणूस. मग त्या बाईनं ह्यांना काखेत धरून ओढलं ते दिसलं, आणि दोघं धडपडत यायला लागले.

वर आणलं तेव्हा हे गुडघ्यापर्यंत चिखलात, एक बूट गेलेला. मुलीनं मिठी मारली. मी मोजा काढून पिळला.

"तिकडं कशाला गेलात?"

"उजेड दिसला. वाटलं दिवे असतील. जरा पुढं जाऊन बघू म्हटलं."

तो उजेड कुठल्यातरी बंदराचा होता. बाईनं सांगितल्यावर ह्यांचं तोंड उतरलं.

खरे दिवे तेव्हाच लागले. बायका ओरडल्या म्हणून मी मान वर केली. उत्तरेला, अगदी खाली, फिकट तांबूस असं काहीतरी, लांब कुणी उसाचं पाचट पेटवल्यावर दिसतं तेवढंच. मोबाईलमध्ये मात्र लालभडक आलं. सगळे फोटो काढत होते. बाई म्हणाली, इतकं खाली दक्षिणेत असं फार क्वचित दिसतं, आज तुमचं नशीब चांगलं. मी म्हटलं, हो, ते तर आहेच.

बसमध्ये ह्यांचे पाय मी माझ्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतले. बर्फासारखे होते, हळूहळू पाय वाटायला लागले. मला एकदम इतकी भूक लागली की मी डब्यातल्या दोन गूळपोळ्या कुणालाही न विचारता खाल्ल्या. मग ह्यांच्या हातात एक दिली.

ह्यांनी पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर एकेरी नावानं हाक मारलीस."

"मारली."

"जावई होता तिथं."

"तो आधी 'अहो'ला ओ देत होता. तुम्ही दिली नाहीत."

हे खिडकीकडं बघत पोळी चावत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "ऐकू मात्र स्पष्ट आलं."

"पाय हलवू नका," मी म्हटलं, आणि शाल घट्ट केली.