नाव आढळले: शून्य

बातमीदारीत किस्से साठवावे लागत नाहीत, साठत जातात. हसवणारे चहाच्या टपरीवर संपतात, घाबरवणारे पोटात राहतात. आमच्या अमरावतीच्या ऑफिसातल्या फायलींचे किस्से मी बरेच दिवस हसवणाऱ्यांत धरत होतो. चूक माझी!

सुरुवात एका ताईंपासून झाली. अकोला जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात त्या लिपिक. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे विहिरींना खारं पाणी लागणाऱ्या गावांच्या पाण्याचे नमुने तिथं येतात. बाटल्या साहेबांच्या खोलीत सीलबंद पडून राहतात आणि अहवाल निघतो, 'पिण्यास योग्य'! मुलंबाळं ते पाणी पितात! ताईंनी हे सगळं आपल्या नावानिशी लिहून दिलं. अट एकच.

"भाऊ, माहं नाव बाहेर गेलं तं माही नोकरी गेली. घरात कमावणारी मी एकटीच हाये."

"ताई, जबाबदारी माझी," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून!

*

आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळते ती प्रणाली. तिनं एक तयार लायब्ररी घेऊन प्रोग्राम लिहिला. फाईल एका फोल्डरमध्ये टाकायची. प्रोग्राम वर्डची पीडीएफ करणार, पासवर्ड लावणार, जे नाव लपवायचं ते शोधून पुसणार.

गजाननभाऊ आमचे सर्वांत जुने टाइप करणारे. त्यांनी विचारलं, "लायबरी? पुस्तकं कोठी हायेत मंग?"

"काका, लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेलं आपण वापरायचं."

"असं व्हय! मंग आपला अर्धा पेपर रोज लायबरीच असते!"

संपादकांनी ऐकलं. आठवडाभर गजाननभाऊंशी बोलले नाहीत.

*

पहिली कुलूपबंद फाईल अकोल्याच्या आमच्या ऑफिसला पाठवली तेव्हा मी अकोटच्या एसटीत होतो. तिकडून फोन, "भाऊ, पासवर्ड?" रेंज जेमतेम. मी ओरडून एकेक अक्षर सांगितलं. तीनदा!

फोन ठेवला तर मागच्या सीटवरचे काका म्हणतात, "भाऊ, ते ॲट शेवटी येते का मधात?"

अख्खी बस हसली. मीही हसलो. मग ताई आठवल्या.

*

माहितीच्या अधिकारात एका खात्यानं आम्हाला पीडीएफ दिली. नावांवर काळ्या पट्ट्या. मी भडकलो. जनतेचे कागद आणि जनतेलाच काळं फासता? प्रणालीनं शांतपणे मजकूर सिलेक्ट केला, कॉपी केला, दुसरीकडे पेस्ट केला. पट्ट्या राहिल्या तिकडंच, नावं आली इकडं!

"लपवलं नाही हो भाऊ, नुसतं पांघरूण टाकलंय."

टाळ्या पडल्या. मी मात्र तिला बाजूला घेतलं. "आपल्या ताईंचं?"

"आपला प्रोग्राम नावच काढून टाकतो. शिवाय किती ठिकाणी सापडलं, तेही सांगतो."

*

बातमी छापण्याआधी समोरच्याची बाजू घ्यायची, हा माझा जन्माचा हट्ट. ताईंच्या साहेबांना मेल केली. ते म्हणाले, आरोप वर्ड फाईलमध्ये पाठवा, त्यातच उत्तर लिहितो. ताईंचं निवेदन गजाननभाऊंनी टाइप केलं होतं. प्रोग्राममधून काढलं, फक्त पीडीएफ केली नाही. स्क्रीनवर आलं, 'नाव आढळले: शून्य.'

"शून्य!" मी टेबलावर हात आपटला. "फाईल साफ! पाठव!"

कुलूप लावलेली फाईल गेली. पासवर्ड मीच साहेबांना फोनवर सांगितला. या खेपेला हळू आवाजात!

गजाननभाऊ चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, तुह्या प्रोग्रामले जुना फॉन्ट वाचता येते का?"

प्रणालीचा चेहरा उतरला. गजाननभाऊ आजही जुन्या फॉन्टात टाइप करतात. आपल्याला ते मराठी दिसतं. मशीनला दिसतो इंग्रजी अक्षरांचा काला. प्रोग्रामनं ताईंचं नाव नव्या मराठीत शोधलं. सापडणार कसं? निवेदनात ते जसंच्या तसं होतं. मोजलं. अकरा वेळा.

मेल परत बोलावता येत नव्हती. ताईंना फोन करावा, तर त्या साहेबांच्याच कार्यालयात! गजाननभाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

*

संध्याकाळी साडेपाचला ताईंचा फोन आला. मागं एसटीचा आवाज.

"भाऊ, साहेबाले फाईल तुमी पाठवली?"

"हो, ताई. माझी चूक..."

"त्याहिच्या मशीनवर सारा कचरा दिसे. जुना फॉन्ट हापिसात फक्त माह्या मशीनवर हाये. साहेब म्हणे, तुमी उघडा मॅडम, अन् मले मोठ्यानं वाचून दाखवा."

"मग?"

"वाचलं. पुरं वाचलं."

"आणि तुमचं नाव?"

"नाव आलं का मी खोकल्याचं सोंग करे."

"अकराही वेळा?"

"अकराही वेळा."

"साहेब काय म्हणाले?"



"काई नाई म्हणले, भाऊ. उठले, अन् सोताच्या हातानं मले गिलासभर पाणी देल्लं." मग आवाज आणखी खाली आला. "नमुन्याच्या बाटलीतलं."